बगारा : ताटाच्या कडेचा भात

इतिहास म्हटला की पोरांच्या डोळ्यांपुढं तलवारी येतात. कोण कुठल्या गादीवर बसला, कुणी कुणाचा किल्ला घेतला. आपण चळवळीतली माणसं त्याला परिषदा, मोर्चे, ठराव जोडतो आणि ते जोडलंच पाहिजे. पण चुलीचा इतिहास कोण लिहिणार? ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या कुणी 'जेवलास का' म्हणून विचारलं नाही, 'उरलंय ते घेऊन जा' एवढंच सांगितलं, त्याचा इतिहास पोथीत सापडायचा नाही. त्याच्या ताटात सापडेल. ताटात काय होतं, काय नव्हतं, आणि जे होतं ते कुणाच्या हातानं पडलं, एवढं विचारलं तरी सगळा गावगाडा उघडा पडतो.

म्हणून या लेखात एकच पदार्थ घेतलाय. बगारा. नांदेड-लातूरकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको. कांदा-मिरची आणि लवंग-कलमीची फोडणी दिलेला साधा भात. सोबतीला दालचा, नाहीतर मटणाचा रस्सा. हे आपलं मुख्य अन्न नव्हे. मुख्य अन्न भाकरी. आधी भाकरी चुरून पोट भरायचं आणि मग ताटाच्या कडेला दोन मुठी भात. कोकणात भात म्हणजे जेवण, तेलंगणात भात म्हणजे जेवण. आपल्याकडं भात म्हणजे जेवणाचा शेवट. हा कडेचा भात आज ताटाच्या मधोमध ओढून बघू.

पहिला सवाल असा, की भात कडेला का? कारण सरळ आहे. भाताला पाणी लागतं. शेतात उभं पाणी लागतं आणि चुलीवर मापाच्या दुप्पट. आपला मुलूख काळ्या मातीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. त्या मातीत ज्वारी येते, तूर येते, हुलगा येतो, करडई येते. साळ पिकते ती नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या पट्ट्यात, देगलूर-बिलोली-किनवटच्या बाजूला, आणि तीही थोडीफार.

पण हा नुसता निसर्गाचा खेळ आहे असं समजू नका. मांजरा नदी बघा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूर जिल्ह्यातून जाते, बिदर करून पुढं तेलंगणात शिरते आणि नांदेड जिल्ह्याच्या हद्दीपाशी गोदावरीला मिळते. निजाम सरकारनं १९२३ साली या नदीवर खालच्या अंगाला निजामसागर बांधायला घेतला. १९३१ साली तो पुरा झाला. त्या पाण्यावर निजामाबादकडं साळ उभी राहिली, ऊस उभा राहिला, बोधनला साखर कारखाना निघाला. वरच्या अंगाला, जिथून नदी येते तिथला शेतकरी आभाळाकडं बघत बसला. नदी आपल्या दारावरून गेली आणि भात दुसरीकडं पिकला. म्हणून तिथल्या गरिबावर राग धरायचं कारण नाही. तो भात पिकवणाऱ्या मजुराच्या पोटात तरी किती गेला? तेलंगणातला शेतकरी १९४६ साली देशमुखांच्या विरोधात बंदूक घेऊन उठला तो काही पोट भरलं म्हणून नव्हे. नदी कुठं अडवायची हे राज्य ठरवतं, आणि अडवलेलं पाणी कुणाच्या शेतात सोडायचं हे जमीन कुणाची आहे त्यावर ठरतं. ज्याला जमीनच नाही, त्याच्या बाजूनं पाट कधी जातच नाही.

आता शेतातून गावात या. गावात पाणी होतं, पण ते गावाच्या आडात होतं. आपल्या बायांनी आडापाशी जाऊन लांब उभं राहायचं. कुणा भल्या बाईला दया आली तर ती वरून घागरीत पाणी ओतणार. दया आली नाही तर ओढ्यात झरा खांदायचा. आता विचार करा. भात करायचा तर तांदूळ दोन पाण्यांनी धुवायचे, वर दुप्पट पाण्याचं आधण ठेवायचं. ओंजळीनं मिळालेल्या पाण्यात हे कोण करणार? भाकरीचं तसं नाही. पीठ भिजंल एवढं पाणी असलं की भागतं. आपल्या ताटात भाकरी राहिली ती ज्वारी पिकते म्हणून, आणि पाणी दुसऱ्याच्या हातात होतं म्हणूनही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या एका ओंजळीत घोटभर पाणी होतं, पण त्याच्या मागं आपल्या कोट्यवधी चुलींवरचं न चढलेलं आधण होतं. असं आपण त्या घटनेकडं कधी बघितलंय का?

मग आपल्या लोकांना भात ठाऊकच नव्हता का? ठाऊक होता. पण तो पंगतीचा होता. गावात लग्न, बारसं, तेरावं झालं की वरण-भाताची पंगत उठायची. आपली माणसं लाकडं फोडायला, पत्रावळी उचलायला, सांगावा घेऊन धावायला. गाव जेवून उठल्यावर शेवटी, लांब, उकिरड्याच्या बाजूला बसायचं. नाहीतर पत्रावळीवर राहिलेलं आणि भांड्याच्या बुडाला लागलेलं घेऊन यायचं. वस्तीत तो भात वाटून घेतला जायचा. लेकरांना मूठ-मूठ. म्हणजे भाताची चव आपल्या जिभेला पहिल्यांदा लागली ती उष्ट्यातून. ही गोष्ट लिहिताना हाताला लाज वाटत नाही. लाज ज्यांनी उष्टं दिलं त्यांना वाटायला पाहिजे.

घरच्या भाताची जागा कण्यांनी घेतली होती. ज्वारी जात्यावर जाडीभरडी भरडायची, पाखडून कण्या काढायच्या, मीठ घालून शिजवायच्या. ताक मिळालं तर ताकासंगं, नाहीतर तिखटाच्या पाण्यासंगं. नाव कण्या, पण गरिबाचा भात तोच. ज्याच्याकडं तांदूळ नव्हता त्यानं ज्वारीचा भात केला. याला मी शोध म्हणतो. राजवाड्यातल्या खानसाम्याचं नाव पुस्तकात येतं. कण्या पहिल्यांदा कुणी शिजवल्या, तिचं नाव कुठंच नाही.

उष्ट्याची ही रीत नुसती भुकेची नव्हती, ती वतनाची होती. महाराला येसकरी, मांगाला त्याची कामं, आणि त्याबदल्यात खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची भाकरी. पगार नाही, हक्काच्या नावाखाली भीक. बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. महाडच्या परिषदेत, १९ आणि २० मार्च १९२७ ला, त्यांनी सांगितलं की मेलेलं ढोर ओढून खाणं सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांसाठी इज्जत विकू नका. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पण वारं इकडंही आलं. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद भरली आणि बाबासाहेब आले. फेब्रुवारी १९४१ मधे लातूर-बार्शी रेल्वेच्या वाटेवर कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिथंही बाबासाहेब आले. या परिषदांचे ठराव आपण पाठ करतो. पण त्या ठरावानंतर घरी काय झालं असंल याचा विचार करा. बाप्यानं छाती काढून सांगितलं की आजपासून दारोदारची भाकरी आणायची नाही. बरोबर सांगितलं. पण त्या रात्री चुलीवर काय ठेवायचं हा सवाल बाईपुढं होता. उपास तिनं काढला. लेकरांना पाणी पाजून तिनं निजवलं. स्वाभिमानाची पहिली किंमत रोकडीनं चुलीपुढं मोजली गेली. आपल्या इतिहासात तिचं हे काम लिहिलेलं नाही, ते लिहिलं पाहिजे.

आता बगाऱ्याकडं येतो. हा शब्द मराठी फोडणीचा नाही. बघार म्हणजे फोडणी, ती दिलेला तो बगारा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दोनशेवर वर्षं आसफजाही अंमल. दखनी बोलीत शिजल्या भातालाच 'खाना' म्हणतात. बगारा, दालचा, खाना, दम, देग हे सगळे शब्द आपल्या वस्तीत त्या राज्यातून आले. गावाच्या नकाशात आपली वस्ती आणि मुसलमानांचा मोहल्ला पुष्कळदा शेजारी-शेजारी. मोहल्ल्यात शादी निघाली की देग चढायची. त्या देगीचं खरकटं नव्हे, त्या देगीतलं जेवण आपल्या माणसांच्या ताटात पडायचं. मी कुणाचं गोडवं गात नाही. त्या समाजातही अश्रफ-अजलाफ आहे, तिथंही कसायाची आणि बागवानाची पायरी ठरलेली आहे. निजामाच्या राज्यात वेठबिगार होतीच आणि रझाकारांनी काय केलं तेही आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण राजा वेगळा आणि शेजारचा पिंजारी वेगळा. पिंजाऱ्याच्या घरचा भात आपण बसून खाल्ला, पाटलाच्या घरचा भात उचलून आणला. दोन्ही भातांत जो फरक आहे तो मसाल्याचा नाही.

नांदेडला आणखी एक पंगत आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला वारले. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. आत जाऊन रांगेत मांडी घातली की पुढं थाळी येते, कुणी जात विचारत नाही. एप्रिल १९३६ मधे बाबासाहेब अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले होते आणि धर्मांतराच्या विचारात शीख धर्माचाही विचार त्यांनी केला होता. एका ओळीत बसून जेवण्याला माणसाच्या मुक्तीत किती मोल आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता बगारा करायचा कसा ते लिहितो. पोरांनी हे वाचावं, पोरींना ते येतं.

एक ग्लास तांदूळ निवडून घ्या. दोन पाण्यांनी धुवा आणि वीस मिनिटं भिजत ठेवा. पातेल्यात दोन पळ्या तेल तापवा. आपल्याकडं जुनं तेल करडईचं, आता सोयाबीनचं घरोघर झालंय. तेलात शहाजिरं, दोन लवंगा, कलमीचा तुकडा, एक विलायची, तेजपान टाका. उभा चिरलेला कांदा घाला आणि तो तांबूस होईपर्यंत दम धरा. बगाऱ्याचा रंग हळदीचा नव्हे, कांद्याचा. मग हिरव्या मिरच्या मधून चिरून, आलं-लसणाचा ठेचा, मूठभर पुदिना-कोथिंबीर. दोन ग्लास पाणी, मीठ. पाण्याची चव घ्या, ते किंचित खारट लागलं पाहिजे. उकळी आली की तांदूळ सोडा. रेशनचा तांदूळ जुना असला तर वर आणखी अर्धी वाटी पाणी. पाणी भाताच्या बरोबरीला आलं की आच बारीक करा, झाकण ठेवा. चूल असंल तर लाकडं ओढून घ्या आणि झाकणावर चार निखारे ठेवा. पंधरा मिनिटं उघडायचं नाही, उलथनं घालायचं नाही. खाली उतरल्यावर पाच मिनिटं तसंच राहू द्या.

एवढंच आहे. पण यातली एक-एक वस्तू हातात घेऊन बघा. तेल. आपल्या म्हाताऱ्यांच्या कोरड्यासात तेल नव्हतंच म्हटलं तरी चालंल. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक २०१५ साली लिहिलं, २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. ते प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. तूप, दूध, दही, तेल ज्या घरात यायचंच नाही, त्या घरानं चव कशातून काढली, हे त्यात कळतं. सणाला गोड्या तेलाचं बोट लागायचं. म्हणून फोडणी हा शब्द आपल्या घरात सणाचा शब्द होता. भाताला फोडणी म्हणजे दोन सण एका पातेल्यात. त्यात लवंग-कलमी म्हणजे वाण्याच्या वहीत उधारी. आज आपण सहज चर्रकन फोडणी देतो. त्या आवाजाच्या मागं तीन पिढ्यांची उपासमार आहे, तीन पिढ्यांची मजुरी आहे.

आता बगाऱ्याच्या सोबतीचा दालचा घ्या. त्याला डाळ लागते, तुरीची नाहीतर हरभऱ्याची, आणि दुधी भोपळा. लातूरची तूरडाळ देशभर जाते. मी डाळ मिलमधे काम करतो. तूर येते, तिला तेल-पाणी लावून वाळवतात, टरफल काढतात, फोडतात, पोत्यात भरतात. दिवसभर नाकातोंडात पिवळा भुसा. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे, गावाचं नाव झालं. पण तूर कापणारी, चिंच फोडणारी, मिलमधे पोतं उचलणारी माणसं कोण, त्यांच्या नावाला मानांकन कोण देणार? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा आणि थुंकीनं दुसरा बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला होता. तोंड, थुंकी, ताट, पाणी. जात सगळ्यात आधी इथं बसलेली असते. कामगार म्हणून एक व्हा असं सांगणाऱ्यांनी आधी डबे एकत्र उघडून दाखवावेत.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्या बाया अजून वस्तीत आहेत. त्यांना विचारा. खडी फोडायच्या कामावर दिवस काढला आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. सुकडी खाल्ली. माझी आजी म्हणते, "मिलोची भाकर थापली की मोडायची आन्‌ खाल्ली की घशात अडकायची. तांदळाचं तर सपान बी पडत नव्हतं." त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. रिकाम्या पोटाचा आणि पेटलेल्या डोक्याचा काळ एकच होता हा काही योगायोग नव्हे.

आणि मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जाळलं, सुगावच्या जनार्दन मेवाडेंना मारलं. वस्त्या जळाल्या. घर जळतं म्हणजे काय जळतं ते चुलीच्या बाजूनं बघा. कणगीतली ज्वारी जळते. मडकं फुटतं. जातं तडकतं. मिठाची बरणी, मिरच्यांचं गाडगं, लेकराच्या बारशाला जपून ठेवलेले शेरभर तांदूळ, सगळं राख. वरून मजुरी बंद, दुकान बंद, पाणी बंद. ज्यांनी आग लावली त्यांना ठाऊक होतं की चूल विझवली की माणूस पुन्हा भाकरी मागायला दारात येतो. आपली माणसं गेली नाहीत. सोळा वर्षं लढली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नावासाठी का एवढं, असं आजही कुणी विचारतो. त्याला सांगा, ज्याचं ताट, पाणी आणि नाव ही तिन्ही दुसऱ्याच्या हातात होती, त्याला यातल्या एकेकाची किंमत माहीत आहे.

आता आजचा सवाल. तो मला सगळ्यात मोठा वाटतो. भात आता कडेला राहिलेला नाही. तो मधे आलाय. कसा आला?

१९६५ साली अन्न महामंडळ निघालं. पंजाब, हरियाणा, आंध्रात कालव्यावर आणि बोअरवर तांदूळ पिकू लागला, सरकारनं हमीभावानं उचलला, गोदामं भरली. तो रेशनवर आला. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या पोराला महिन्याला तीन किलो धान्य द्यायची योजना आली. नोव्हेंबर २००१ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. म्हणून शाळेत खिचडी शिजू लागली. आमची पिढी त्या खिचडीवर वाढली. हळद, मीठ, तेल, डाळ आणि तांदूळ. सुट्टीच्या दिवशी पोटात खड्डा पडायचा तो त्या खिचडीसाठी. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला, तांदूळ तीन रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून तोही फुकट, माणशी महिन्याला पाच किलो धान्य.

त्याच काळात आपल्या रानातली ज्वारी हटली. लातूर-नांदेडच्या खरिपात सोयाबीन भरलं. सोयाबीन बाजारात जातं, चुलीवर येत नाही. कडबा गेला, कणगी गेली. ज्वारी दुकानातून किलोनं आणायची वस्तू झाली आणि तिचा भाव रेशनच्या तांदळाशी बोलतसुद्धा नाही. २०२३ साली सरकारनं आपल्या म्हाताऱ्यांच्या भरडधान्याला 'श्रीअन्न' असं नाव दिलं, जगानं भरडधान्याचं वर्ष साजरं केलं. शहरातला डॉक्टर पैसेवाल्याला ज्वारी खा म्हणून सांगतो. उलटंच झालं बघा. पूर्वी भात मालकाचा आणि ज्वारी आपली होती. आता फुकटचा भात आपला आणि ज्वारी ज्याला परवडंल त्याची. धान्य बदललं, पायरी तीच राहिली.

म्हणून रेशन नको का? तसं म्हणणाऱ्याला दुष्काळ माहीत नाही. रेशन हा आपला हक्क आहे, तो कायद्यात आहे, त्यासाठी भांडलं पाहिजे. मापात मारलं, अंगठा उमटला नाही म्हणून पोतं अडवलं, तर दुकानापुढं ठाण मांडलं पाहिजे. पण फुकट मिळतंय म्हणून हात जोडायचे नाहीत. आपल्या वस्तीत आणखी एक अफवा आहे, की रेशनच्या तांदळात प्लॅस्टिक मिसळतात. बाया ते दाणे निवडून फेकतात. ते प्लॅस्टिक नव्हे. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ जीवनसत्त्व घातलेले ते दाणे असतात, शंभराला एक. तांदूळ दळून, त्यात हे मिसळून, पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो, म्हणून ते पाण्यावर तरंगतात. आपल्या लेकीबाळी आधीच रक्तानं कमी. हे घरोघर जाऊन सांगणं हे कार्यकर्त्याचं काम आहे, जयंतीच्या पावत्या फाडण्याइतकंच.

आणि शिजवणारा हात? २० एप्रिल २००४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळेत स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना आधी संधी द्या. कायद्यानं आपल्या बाईच्या हातात पळी दिली. पण डिसेंबर २०२१ मधे उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात दलित बाईनं शिजवलं म्हणून वरच्या जातीच्या पोरांनी शाळेतलं जेवण नाकारलं. महाडनंतर चौऱ्याण्णव वर्षांनी. पाण्याचंही तेच. एप्रिल २०१६ मधे मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला पाण्याचे दहा डबे होते. फोटो छापून आले. त्या पाण्यासाठी कुणाची घागर पहिली लागली आणि कुणाची शेवटची, याचे फोटो कुठं आले? दोन ग्लास पाण्याशिवाय एक ग्लास तांदूळ शिजत नाही. ज्याच्या दारात नळ नाही त्याला तुम्ही गोदामभर तांदूळ दिला तरी त्याचा भात होणार नाही.

दोस्तहो, हा सवाल फार जुना आहे. आपल्या बुद्धाच्या बापाचं नाव शुद्धोदन. शुद्ध ओदन म्हणजे शुद्ध भात. त्याच्या भावांची नावंही पालीत तशीच, अमितोदन, धोतोदन, सगळी ओदनाची. शाक्य हे भातशेती करणारे लोक होते. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधे सिद्धार्थानं घर का सोडलं ते सांगितलंय. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून नव्हे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं त्याला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं. शेताच्या पाण्याचा तंटा! धम्माच्या मुळाशी कुठलं स्वर्ग-नरक नाही, पाण्याच्या न्यायाचा सवाल आहे. पुढं सुजातेनं त्याला भाताची खीर दिली. वैशाख पौर्णिमेला आपण खीर वाटतो ती त्याची आठवण. ती वाटताना रोहिणीचीही आठवण ठेवा. नाहीतर खीर नुसती गोड लागंल.

शेवटी जयंतीबद्दल. १४ एप्रिलला वस्तीत देग चढते. बगारा असतो, मसालेभात असतो. पोरं घाम गाळून मोठ्या उलथन्यानं भात हलवतात आणि फोटो काढतात. चांगलं आहे. पण १५ एप्रिलला ती पोरं कुठं असतात? घरातली चूल पुन्हा आईकडं, बहिणीकडं, बायकोकडं. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि पातेल्याच्या बुडाची खरपुडी खाते. गावानं आपल्याला शेवटी बसवलं म्हणून आपण लढलो. मग आपल्या घरात शेवटी कोण बसतंय? उष्टं सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं ते तिलाही सांगितलं होतं.

तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला माझं एवढंच मागणं आहे. या महिन्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढं वही घेऊन बसा. घरात पहिल्यांदा तांदूळ विकत कधी आणला, त्या दिवशी पाणी कुठून आणलं, आणि तो भात आधी कुणी खाल्ला, एवढं तिला विचारा. ती सांगंल तसं, तिच्या बोलीत, लिहून आणा. आपण ते छापू. आणि विचारायच्या आधी एक दिवस बगारा तुम्ही करा. तिला आधी वाढा. ती जेवत असताना जे बोलंल, तो आपला इतिहास.

जय भीम.